हातचा

जुन्या खानावळीच्या माडीवर आमची प्रयोगशाळा.
लाइपझिगचा हा तिसरा हिवाळा,
भिंतींना अजून कोबीच्या रश्श्याचा वास.
मी लेबरेख्ट त्शोखे, घड्याळं दुरुस्त करणारा.
मन मोजायला बसलेल्या या तरुण मंडळींना
सेकंदाचे हजार तुकडे लागतात,
आणि ते तुकडे सारखे पडतात की नाही
हे बघण्याचा मला आठवड्याला नऊ मार्क पगार.

रोज सकाळी पितळेचा गोळा वरून सोडतो.
गोळा खोटं बोलत नाही.
काटा बोलतो, थोडंसं, थंडीत जास्त.
त्याचं खोटं किती, ते वहीत लिहून ठेवतो.

रीत साधी आहे.
दिवा लागला की बोट उचलायचं. हा एक वेळ.
तांबडा लागला तरच उचलायचं, हिरव्याला नाही. हा दुसरा.
दुसऱ्यातून पहिला वजा करा.
उरतं ते ठरवणं.
निव्वळ ठरवणं, साल काढलेलं, आकड्यात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला स्क्रू पडला.
ज्यावर शहाणी माणसं शतकानुशतकं भांडली
ते इथं तिसरीतल्या पोरासारखं
खाली रेघ मारून काढतात.

वजनंही आहेत, कापडात शिवलेली.
शंभर ग्रॅमवर एक ठेवा, कळत नाही. अजून एक, तरी नाही.
मग कधीतरी हात म्हणतो, हं, जड झालं.
त्या जागेला हे लोक उंबरठा म्हणतात.
माझ्या आईनं जन्मभर न बोलता उचललं
ते सगळं उंबरठ्याच्या अलीकडचं असणार.

मंगळवारी तो बाल्टिककडचा श्टाकेलमान तापानं पडला
म्हणून मला बसवलं अंधाऱ्या खोलीत.
शब्द ऐकायचा, मनात दुसरा उगवला की बोट उचलायचं.
समुद्र. उचललं.
पाव. उचललं.
कुलूप, घोडा, मीठ.
शिडी.

काटा फिरत राहिला.
भिंतीपलीकडून घरघर ऐकू येत होती,
माझंच घड्याळ, मीच तेल घातलेलं,
आणि माझं बोट बटणावर
कुणी शिवून टाकल्यासारखं.

"आत काय घडलं? जसंच्या तसं सांगा,"
व्हिलिबाल्ड म्हणाला. तेवीस वर्षांचा, नखांत शाई.
मी आत पाहिलं.
पाहायला गेलो आणि जे होतं ते गप्प झालं,
पाऊल वाजताच कपाटामागची खसखस थांबावी तसं.
"काही नाही," म्हणालो.
त्यानं आकडा लिहिला, मग त्यावर काट मारली.
लक्ष नव्हतं म्हणे. सरासरी बिघडते.

रात्री आडेलगुंड बटाटे सोलत होती.
विचारलं, मीठ कुठंय?
"फळीवर."
विचारलं, दमलीस?
सुरी थांबली. साल लोंबत राहिली.
"नाही."

दोन्ही उत्तरं एकेका शब्दाची.
मी सवयीनं दुसऱ्यातून पहिलं वजा केलं.
समोर घड्याळ नव्हतं, तरी बाकी मोठी होती,
आणि तिला काय म्हणावं ते सुचेना.
शाळेत वरचा आकडा पुरेनासा झाला
की शेजारच्या घराकडून एक घ्यायचो,
हातचा म्हणायचो त्याला.
घेतला हे विसरलं की सगळं गणित चुकायचं,
आणि गुरुजी पाटीवर थुंकी लावून पुसायला लावायचे.
एकवीस वर्षं. किती वेळा घेतला असेन मी,
शेजारच्याच घराकडून.

दुसरी सुरी घेऊन समोर बसलो.
तिनं पाहिलं. जरा उशिरानं पाहिलं.
"जाड सोलतोयस," म्हणाली.

सकाळी गोळा सोडला.
काटा चार हजारांश पुढं होता, वहीत लिहिलं.
त्याच्याखाली, जिथं काही लिहायचं नसतं तिथं,
लिहिलं, शिडी.
काट मारली नाही.